चढावर सोडलेली ट्रॉली

मी उसाची एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो. लासूर स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये माझा सांगाडा जोडला गेला. मालक तात्यासाहेबांनी नारळ फोडून मला घरी नेलं. दर हंगामात माझ्यासारखीच दुसरी एक आणि मी, अशा दोघी एका ट्रॅक्टरमागं कारखान्याला निघायचो. कितीही ऊस भरा, मी कधी कुरकुरले नाही. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

कडुबा माझा ड्रायव्हर. चढाला ओझ्यानं ट्रॅक्टरचं पुढचं चाक वर उचललं जाऊ लागलं, की तो मागच्या ट्रॉलीला दगड लावून रस्त्यातच सोडायचा आणि पुढची वर पोचवून परत यायचा. सगळेच तसं करतात. मागच्या पौषात, धुक्याच्या सकाळी त्यानं मला असंच सोडलं. लोंबणाऱ्या उसानं माझी मागची, उजेडात चमकणारी लाल पट्टी झाकली होती.

"मागचा ऊस लई लोंबतोय, छाटून घ्या," त्याची बायको मुक्ताबाई निघतानाच म्हणाली होती.

"कारखान्यावर बघू," कडुबा म्हणाला.

बजाजनगरला कामावर निघालेले सुदर्शन मोटारसायकलवरून आले. त्यांना मी दिसलेच नाही. ते मागून माझ्यावर आदळले आणि जागीच गेले.

उन्हाळ्यात त्यांची पत्नी मंजुषा आणि नववीतली मुलगी संस्कृती मला बघायला शेतात आल्या. कडुबा मान खाली घालून उभा होता.

"काका, टक्कर झाली तरी संवेग नाहीसा होत नाही, असं शाळेत शिकवलंय," संस्कृती म्हणाली. "मग पप्पांचा कुठं गेला?"

"संवेग म्हंजी?"

"वजन आणि वेग, दोन्ही मिळून."

कडुबानं माझ्या चाकावर हात ठेवला. "ही बोटभर सरकली व्हती, पोरी."

"एवढंच?" मंजुषा म्हणाली.

होय, एवढंच. त्यांचा सगळा संवेग माझ्यात आला आणि माझ्या चाकांतून जमिनीत गेला. मी जड, म्हणून नुसती सरकले. जेवढा धक्का त्यांनी मला दिला, तेवढाच मी त्यांना उलट दिला होता; पण ते हलके होते. त्या दिवशी मला माझ्या वजनाची पहिल्यांदा लाज वाटली.

यंदा पुन्हा हंगाम सुरू झालाय. मुक्ताबाई कोयत्यानं मागचा ऊस छाटते, रस्त्यावर लांब जाऊन उभी राहते आणि "पट्टी दिसतीय" म्हणते. त्याशिवाय कडुबा ट्रॅक्टर सुरू करत नाही. चढावरही आता मला एकटीला सोडत नाहीत, कुणीतरी माझ्यामागं थांबतं.

मित्रांनो, मला स्वतःहून बाजूला होता येत नाही. तेव्हा निघण्याआधी एकदा मागं या, आणि जो तिकडून येणार आहे त्याच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघा.