मावशीचा उजवा पाय

गाडीत काही बिघाड नाही, बिघाड आईच्या उजव्या पायात आहे, असं माझ्या मावसभावाचं ठाम मत होतं. आणि हे त्याने माझ्या गॅरेजच्या दारात, मावशीच्या देखत सांगितलं.

"तिच्याने ॲक्सिलरेटर दाबलाच जात नाही. वय झालं आता. परवा हायवेवर चढताना गाडी मधेच बसली, मागून ट्रक. थोडक्यात वाचली. उद्या संध्याकाळी एकजण गाडी विकत न्यायला येतोय. तोवर तू बघून घे, उगाच मागाहून बोलायला नको."

"दादा, मी बघते आणि मग तू बोल," मी म्हणाले. तो गेला. मावशी मात्र स्टुलावर बसून राहिली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मावशी पडदे शिवते. नुसतं शिवून थांबत नाही. घरोघरी जाऊन मापं घेते, दांडे बसवते आणि चुण्या एकसारख्या पडेपर्यंत शिडीवरून उतरत नाही. शिडी, ड्रिल, कापडाचे गठ्ठे, सगळं त्या गाडीत. घर हायवेपलीकडे, तिथे बस फिरकत नाही. गाडी गेली की काम गेलं, आणि मग ती दिवसभर दादाच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसणार. ती कल्पनाच मला सहन होईना. दादालाही ती आवडली नसती, पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही.

"खरं सांग," मावशी हळूच म्हणाली, "पाय बधिर होत चालला तर माणसाला कळतं का गं? मी घरी शिलाई मशीनवर दाबून बघते. तिथे तर नीट चालतो."

माझं डोकंच फिरलं. पायावर नव्हे, दादावर. ही बाई जेवताना, झोपताना आपल्या पायाकडे संशयाने बघत बसली होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"तुझ्या पायाला काही झालेलं नाही. मी शोधून काढते."

"माझं मन राखायला म्हणतेस."

"मी गाडीवाल्यांची मनं राखत बसले असते तर गॅरेज कधीच बंद पडलं असतं."

आम्हा गॅरेजवाल्यांची एक सवय असते. डॉक्टर जसा आधी जीभ बघतो, तसं गाडी आत आली की आम्ही आधी बॉनेट वर करतो. मी बॉनेट उचललं, इंजिन सुरू केलं, रेस दिली. इंजिन असं काही गुरगुरलं की शेजारचा वेल्डर चष्मा वर करून म्हणाला, "ही आजारी? मग माझी गाडी मेलीच म्हणायची."

बॉनेटच्या आतल्या बाजूला कुणीतरी जाड गालिच्याचा तुकडा चिकटवला होता, आवाज कमी व्हावा म्हणून. कुणाची तरी हौस, म्हणून मी सोडून दिलं.

मग बॉनेट आपटून पाण्याच्या टाकीकडचा चढ गाठला. अर्ध्या चढावर पाय दाबला, आणि गाडीने दम टाकला. पाय पार खाली, तरी गाडी रेंगाळलेली. जरा पाय उचलला की बरं, पुन्हा दाबला की तेच. मला हायसं वाटलं. बिघाड होता, आणि तो माझ्या पायाखालीही होत होता. परत येऊन मी हे मावशीला सांगितलं. तिने मान हलवली, पण विश्वास बसला नाही तिचा.

रिकाम्या इंजिनाला भार नसतो, म्हणून गॅरेजमध्ये दुखणं दिसत नाही, असा मी अंदाज बांधला. भार आला की पेट्रोल कमी पडत असणार. पेट्रोलचा फिल्टर बदलला. प्लग काढून पाहिले, चांगले होते. हवेचा फिल्टर झटकला, त्यात धूळसुद्धा नव्हती. सायलेन्सर कुठे तुंबलाय का, तेही पाहिलं. चढावर गाडी पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी पेट्रोलचा दाब मोजायचा काटा जोडला. त्याची नळी इंजिनातून बाहेर काढून काटा समोरच्या काचेवर टेपने चिकटवला, म्हणजे चालवता चालवता वाचता येईल. नळी चेपू नये म्हणून बॉनेट पूर्ण न लावता पहिल्या खटक्यावरच ठेवलं आणि दोरीने बांधलं. चढावर गेले. काटा जागचा हलला नाही, आणि गाडी सुसाट वर गेली! तीनदा गेले. तिन्ही वेळा सुसाट.

मी खूश. फिल्टर बदलल्याचा परिणाम दिसायला जरा वेळ लागला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात दादाचा फोन.

"काय, तुझ्या हातात नीट चालते ना?"

खोटं कसं बोलणार? "चालते," मी म्हणाले.

"मग झालं तर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी काटा काढला, बॉनेट लावलं आणि मावशीला म्हटलं, "चल, आता तू चालव." ती पदर खोचून बसली, आरसा नीट केला. टाकीच्या चढावर तिने पाय दाबला, आणि गाडीने मान टाकली.

मावशीने गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "तुझ्या हाताखाली चालते, माझ्या पायाखाली बसते. आता आणखी काय बघायचं? देऊन टाक त्या माणसाला." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"उतर. तू इकडे बस, मी चालवते."

मी हट्टाला पेटले होते. चढ पुन्हा खालपासून घेतला. पाय दाबला. गाडी बसली.

"बघ! माझ्याकडूनही बसली!" मी इतक्या आनंदाने ओरडले की मावशी दचकली. बिघाड पाहून असं नाचणारी मी पहिलीच मेकॅनिक असेन. पण मग मघाशी तीनदा का चालली? पाय तोच, चढ तोच, पेट्रोल तेच. मघाशी काटा होता, आता नाही. काट्याने गाडी बरी होत नाही. मग काट्यामुळे आणखी काय बदललं होतं?

बॉनेट. मघाशी ते अर्धवट उघडं होतं.

गॅरेजमध्ये परत आलो. वेल्डरला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "सांगेन तेव्हा एकदम रेस दे, पाय पार खाली." बॉनेट उघडं असताना इंजिन गरजलं. मी बॉनेट लावलं. "दे!" इंजिन घुसमटलं. उघडलं, गरजलं. लावलं, घुसमटलं. मावशी स्टुलावरून उठून जवळ आली.

गालिच्याचा तुकडा पुढच्या बाजूने सुटून लोंबत होता. बॉनेट लावलं की तो बरोबर इंजिनाच्या हवेच्या तोंडावर यायचा. जोरात हवा ओढली की तोंडाला चिकटायचा. कुणी नाकावर उशी दाबावी तसं. आणि मी बॉनेट उघडून बघायला गेले की तो गालिचाही बॉनेटबरोबर वर. माझ्याच सवयीने मला दीड दिवस फिरवलं होतं.

मी तो टराटरा ओढून काढला. मावशीने हातात घेऊन उलटा केला, कड चाचपली. कापडाच्या बाबतीत तिला फसवणं अशक्य.

"हा आमच्याकडचा," ती म्हणाली. "नातवाच्या खोलीत घातला त्यातला उरलेला."

संध्याकाळी दादा आला, गाडी नेणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. मी गालिचा त्याच्या हातात दिला आणि त्यालाच बॉनेट उघडायला, लावायला सांगितलं; वेल्डर रेस देत होता. इंजिन दोन्ही वेळा सारखंच गरजलं. मग गालिचा टेपने जागेवर लोंबता चिकटवून बॉनेट लावलं. घुसमट. दादाचा चेहरा उतरला.

"पहाटे गाडी काढलीस की बाळ उठायचं," तो मावशीला म्हणाला. "म्हणून मीच चिकटवला. आई, मला वाटलं..."

आलेल्या माणसाने परिस्थिती ओळखली आणि तो निघून गेला.

मावशीने माझ्याकडे हात पुढे केला. मी चावी दिली. "बस," ती दादाला म्हणाली. तो तिच्या शेजारी बसला, मी मागे.

ती थेट हायवेच्या तोंडाशी गेली, जिथे परवा गाडी बसली होती. लांबून एक ट्रक येत होता. मावशीने दोन्हीकडे पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला आणि पाय दाबला. गाडीने उसळी घेतली. पाठ सीटला टेकली आणि आम्ही वाहनांच्या रांगेत शिरलो. ट्रक मागे लांब राहिला.

दादा दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर रोवून, डोळे मिटून बसला होता.

"पाय काढ तिथून," मावशी म्हणाली. "ब्रेक माझ्याकडे आहे."