घंटीआधीचा श्वास

मी टोपी बोलतेय. साधीसुधी नाही हं, चौसष्ट तारांची! लोकांच्या डोक्यावर बसायचं आणि आत मेंदूत कुठला ठेका चाललाय ते ऐकायचं, हे माझं काम. झोपेचा ठेका संथ, कोडं सोडवतानाचा भरभर. भीतीचा मात्र मी झोपेतही ओळखेन, सेकंदाला चार मोठे हेलकावे.

एकदा नवऱ्याला घेऊन पाववाल्या बाई आल्या. भट्टीची घंटी वाजली म्हणून त्यांनी दार उघडलं होतं, तर भपकन जाळ बाहेर आला. जळालेल्या भुवया परत उगवल्या, पण घंटी ऐकली की बाई भट्टीपासून दूर पळायच्या. पाच महिने भट्टीपाशी नवराच उभा.

"यांचे पाव करवतीनं कापावे लागतात," बाई म्हणाल्या. "मला माझी भट्टी परत हवीय."

डॉक्टरीणबाईंचा उपाय सरळ होता. तीच घंटी पुन्हा पुन्हा ऐकवायची, जाळबीळ काही नाही. हळूहळू मेंदू नवा ठेका धरतो. पण तीन आठवडे झाले तरी भीती हटेना. उलट घंटी वाजायच्या आधीच ते चार हेलकावे सुरू! मला कारण कळलं होतं, पण टोपीला विचारतो कोण?

माझ्या तारा हलू नयेत म्हणून खोलीत कुणी हलायचं नाही, ही इथली शिस्त. मशीनवाले दादा तर घंटीआधी श्वासच रोखायचे. त्यांचं बघून डॉक्टरीणबाई, त्यांचं बघून नवरा. तीन माणसं गाल फुगवून आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर कुणालाही वाटणारच की, आता जाळ येणार.

चौथ्या आठवड्यात दादांना उचकी लागली. श्वास रोखला, उचक. पुन्हा रोखला, उचक. पाववाल्या बाई खुदकन हसल्या आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली. अहाहा, काय ठेका लागला म्हणून सांगू! चौसष्टच्या चौसष्ट तारांना गुदगुल्या. जुने हेलकावे होते, पण पार मागे पडले.

"तुम्ही श्वास का रोखता हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्हीही रोखताच की, डॉक्टरीणबाई," दादा म्हणाले.

त्या दिवसापासून घंटीच्या वेळी सगळे गप्पा मारायला लागले.

शेवटच्या दिवशी घंटी वाजली, तशा बाई मला डोक्यावर घेऊनच ताडकन उठल्या. "अहो, सरका बाजूला, पाव करपतील." खोलीत भट्टी कुठली? तरी नवरा सरकला, आणि डोळे पुसत हसत सुटला.

आता माझं इलॅस्टिक सैल झालंय, तीन तारा बहिऱ्या. कपाटात पडून असते. एवढंच मागते, समोरचं माणूस घाबरलेलं असेल तर श्वास रोखून त्याच्याकडे बघू नका. आणि मला धुवू नका. बाईंनी नंतर पाव आणले होते, दादांनी ते माझ्यावरच सांडत खाल्ले. एक कण अजून माझ्या घडीत आहे. मऊ आहे.