खटक्याचं सेटिंग

रविकांत ब्रेडा या डच शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेत असल्यामुळे आपल्या हातून चूक होत नाही, असा त्याचा गोड समज होता. फक्त सासऱ्यांपुढे त्याचं काही चालत नव्हतं. देवगडच्या खाडीकाठी वाढलेले अण्णा तीन महिन्यांपूर्वी लेकीकडे आले होते. ट्यूलिप, पवनचक्क्या, जावयाचं नवं घर, सगळ्यांवर त्यांनी एकच शेरा मारला होता, ‘‘असेल.’’ मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘वा’ ऐकायचंच, असा रविकांतने चंग बांधला.

त्यासाठी त्याने मासेमारीचा परवाना काढला आणि गळाची काठी आपोआप उडवणारा एक स्टँड मागवला. तो काठावर रोवायचा आणि गळाची काठी वाकवून खटक्यात अडकवायची. माशाने दोरी ओढली की खटका सुटतो, स्प्रिंग काठीला झटका देते आणि गळ माशाच्या तोंडात रुततो. खटका हलका-घट्ट करायला एक स्क्रू होता. आता स्क्रू दिसल्यावर रविकांत गप्प बसतो होय? चार संध्याकाळी त्याने दिवाणखान्यात चाचण्या घेतल्या. बायको सुनेत्रा मासा होऊन सोफ्याआडून दोरी ओढायची. ‘‘घरात गळ नको,’’ असं तिने बजावल्यामुळे गळाच्या जागी किल्ल्यांची कडी बांधली होती.

रविवारी सकाळी सासरे-जावई कालव्यावर गेले. हळद घातलेल्या कणकेच्या गोळ्या लावायचं काम अण्णांनी आपल्याकडे घेतलं. रविकांत स्क्रूपाशी बसला. पहिल्यांदा बदकाने उठवलेल्या लाटेनेच खटका उडाला. त्याने स्क्रू आवळला, तर मासे कणीक खाऊन गेले आणि काठी ढिम्म हलली नाही. मग त्याने अर्धा फेरा सैल केला आणि गणित जमलं. दोरी थरथरायची, खटका सुटायचा, काठी सटकन वर यायची. मासा मात्र नाही. अण्णा निमूटपणे नवी गोळी लावायचे. असं नऊ वेळा झालं. रविकांतने आधी स्प्रिंगला दोष दिला, मग वाऱ्याला, शेवटी माशांना.

‘‘रविकांतराव,’’ अण्णा एकदम म्हणाले, ‘‘मला हे फार आवडलं.’’

रविकांतचा हात स्क्रूवरच थांबला.

‘‘परवा तुम्ही म्हणालात, इथे मासा पकडला तरी परत सोडतात. पण गळच लावायचा नाही, कडीला कणीक लावून नुसतं खायला घालायचं, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. आम्ही जन्मभर मासे मारले. तुमचं मन मोठं आहे हो.’’

रविकांतने दोरीकडे पाहिलं. किल्ल्यांची कडी उन्हात चमकत होती. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. तीन महिने ज्याची वाट पाहिली ते आयतं पदरात पडत होतं. पण त्याला भयंकर लाज वाटली.

‘‘मन कसलं मोठं, अण्णा? टेस्टिंगची कडी काढायची राहिली. गळ घरी ड्रॉवरमध्ये आहेत.’’

अण्णांनी स्टँडकडे पाहिलं, स्क्रूकडे पाहिलं, मग जावयाकडे. त्यांचे खांदे गदगदायला लागले. तीन महिन्यांत ते प्रथमच हसत होते, इतकं की चष्मा काढावा लागला.

‘‘वा,’’ ते डोळे पुसत म्हणाले. ‘‘वा, रविकांतराव.’’

आणि त्यांनी आणखी एक गोळी कडीला लावली.