पितळेत मोडलेलं बिट

भर दुपारी आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडलेले दिसले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. दुपारची झोप ह्यांच्या स्वभावात नाही. मी एका गिऱ्हाइकाकडे पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. जाताना हे पेपर वाचत होते, आणि आले तर हे असे.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? उठा, चहा टाकते."

"संपलं," त्यांनी भिंतीला सांगितलं. "उद्या क्लबला फोन कर. म्हणावं, सगळं घेऊन जा. रूळ, डबे, स्टेशन, सगळं. तुला मागची खोली हवी होती ना शिवणाला? घे."

ती खोली मिळावी म्हणून मी मुलगी लग्नाला येईपर्यंत भांडले होते. भिंतीच्या कडेकडेने कमरेच्या उंचीवर ह्यांची छोटी रेल्वे फिरते, आणि माझं शिवणयंत्र मात्र बाहेरच्या खोलीत खिडकी आणि सोफ्याच्या मधल्या सापटीत. आता खोली आयती पदरात पडत होती, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कारण मध्यंतरी ह्यांचं मोठं आजारपण झालं. त्यातून उठले, पण उजव्या हाताला कंप राहिला. चमचा धरला की ताटाशी वाजायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात वापरा, हळूहळू ताळ्यावर येईल. हे कुठले ऐकायला! मागच्या खोलीत जाऊन नुसते बसायचे आणि तसेच परत यायचे. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, पेन्सिलसुद्धा हातात धरेना. मला सगळ्यात जास्त भीती कसली वाटली असेल तर त्या नुसतं बसण्याची. माणूस घरात आहे आणि नाहीही, असं ते बसणं.

आजाराआधी ह्यांनी एक इंजिन करायला घेतलं होतं. पितळेचा पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन जोडलेलं, साबणाच्या वडीपेक्षा थोडं लांब. विकतचं नव्हे, सबंध हातचं. त्याच्या तोंडावर खऱ्या इंजिनाला असते तशी धरायची दांडी बसवायची होती, आणि तिच्यासाठी ओळीने सहा भोकं पाडायची राहिली होती. भोक केवढं, तर माझ्या मशीनची बारीकातली बारीक सुई जेमतेम शिरेल एवढं. आठवड्यापूर्वी ह्यांनी स्वतःलाच अट घातली होती. ही भोकं हातून पडली तर काम चालू, नाहीतर दुकान बंद. मला सांगितलं नव्हतं, लेकीला फोनवर सांगताना मी ऐकलं. ऐकत नव्हते, कानावर पडलं.

मी मागच्या खोलीत गेले. टेबलावर इंजिन, आणि शेजारी ते विजेचं छोटं ड्रिल. ते बघून मी चाटच पडले.

इथे आमच्या व्याह्यांबद्दल सांगायला हवं. ते दातांचे डॉक्टर, आणि त्यांनाही हेच रेल्वेचं वेड. लेकीची सोयरीक जुळली ती छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबमध्ये ह्या दोघांच्या गप्पांतून. दोघांचं सगळ्यावर एकमत, फक्त भोक कसं पाडायचं यावर नाही. व्याही सगळं विजेवर करणार. हे म्हणायचे, बारीक काम करावं तर हाताच्या ड्रिलनेच. ते हातड्रिल म्हणजे पेनाएवढी पितळी नळी. खाली चिमटीत केसासारखं बिट, म्हणजे भोक पाडणारी पोलादी काडी, वर गरगर फिरणारी टोपी. टोपी तळहातात टेकवायची आणि बोटांनी नळी फिरवायची. थोडं पुढे, थोडं मागे, बिट बाहेर काढून चुरा झटकायचा, पुन्हा आत. "बिट अडलं की बोटांना कळतं," असं हे क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. मागच्या वर्षी तर सगळ्यांदेखत व्याह्यांना म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही इंजिनाची दाढ भरताय की भोक पाडताय?" लोक हसले. व्याहीही हसले, पण तेव्हापासून दोघांत जरा धुसफूस होती. आजारपणात व्याह्यांनी लेकीबरोबर हे विजेचं ड्रिल पाठवलं, तर ह्यांनी "आभारी आहे म्हणावं" एवढं बोलून ते कपाटात टाकलं होतं.

आणि आज मी बाहेर पडल्यावर ह्यांनी तेच गुपचूप काढलं.

"मला वाटलं, हात थरथरतोय तर मशीन सांभाळून घेईल," हे दारात येऊन म्हणाले. "चार भोकं झटक्यात पडली. मला वाटलं, जमलं की! पाचव्याला बिट आरपार होतंय तोच हात जरासा हलला आणि टक् झालं. बिट आत मोडलं. बाहेर टोकसुद्धा नाही धरायला."

मी भिंग लावून पाहिलं. पितळेत एक काळा ठिपका, पार पृष्ठभागाशी सपाट. कापडात सुई मोडली तर मी ओढून काढते. इथे ओढायचं काय?

"दुसरं बिट लावून कोरता नाही येणार?"

"पोलाद आहे ते. बिटाने बिट कोरलं जात नाही. घसरून पितळ मात्र फाटेल." आणि मग खाली बघून म्हणाले, "लोकांना शहाणपण शिकवत होतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीनवर, त्या ठिपक्यावर, ह्यांच्या त्या पडलेल्या चेहऱ्यावर. मी फोन उचलला.

"कोणाला लावतेस?"

"व्याह्यांना."

"अगं ठेव! माझी अब्रू..."

"तुमच्या अब्रूला घेऊन मी म्हातारपण काढू का?" मी म्हटलं, आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बोला विहीणबाई!"

मी एका दमात सगळं सांगितलं. विजेच्या ड्रिलसकट. लपवाछपवी मला जमत नाही. ह्यांनी डोक्याला हात लावला. आता व्याही हसणार, आणि हसले तर आपण काय करू याचा मला भरवसा नव्हता.

"तुरटी आहे का घरात?" व्याह्यांनी विचारलं.

"तुरटी? आहे. ह्यांची दाढीची."

"नुसतं पितळ आहे ना? चाकं, स्प्रिंग, पोलादाचं काही लावलेलं नाही ना अजून? मग काचेच्या भांड्यात गरम पाण्यात भरपूर तुरटी विरघळवा आणि इंजिन त्यात बुडवून ठेवा. स्टीलचं पातेलं घेऊ नका हं, त्याचीही वाट लागायची. पाणी गरम राहू द्या. मी आलोच."

आले ते खरंच. दवाखान्याच्या डगल्यातच. तोवर मी मोठ्या पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात काचेचा बाऊल ठेवला होता, आणि बाऊलमध्ये ह्यांचं इंजिन. आम्ही तिघं शेगडीभोवती उभे. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, तिघांनी मिळून इंजिन उकडायला घातलंय.

"पोलाद खातं हे पाणी, पितळेला हात लावत नाही," व्याही म्हणाले. "ते बघा, बुडबुडे."

त्या ठिपक्यातून बारीक बुडबुड्यांची एक माळ वर येत होती. हे चष्मा कपाळावर ढकलून अगदी बाऊलमध्ये वाकले.

"तुम्हाला हे कसं ठाऊक?" ह्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं. तोंडातून प्रश्न ओढून काढल्यासारखा.

"माझी किती बिटं मोडली असतील त्याला गणती नाही. दर इंजिनाला एक आंघोळ ठरलेली. क्लबात कोणाला सांगायची सोय होती का? तुम्ही बसलेलात ना तिथे!" व्याही मोठ्याने हसले. "तुम्हाला कुठून माहीत असणार हा उपाय? तुमचं कधी मोडलंच नाही."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या दिवसांत कोणी ह्यांच्या हाताचं कौतुक केलं नव्हतं. जो तो हाताची चौकशीच करायचा.

पाणी गार झालं की मी बदलत होते. ह्या दोघांच्या गप्पा हळूहळू रुळावर आल्या. उन्हं कलली तेव्हा ह्यांनी इंजिन बाहेर काढून धुतलं आणि मी माझी सुई दिली. ठिपक्यात टोचली, तर काळा गाळ निघाला, आणि सुई आरपार गेली. भोक स्वच्छ. पितळ जसंच्या तसं. माझा जीव भांड्यात पडला. व्याह्यांनी टाळीच वाजवली.

पण भोक सुटलं तरी अट सुटली नव्हती. मशीनने पडलेली पाचही भोकं ह्यांच्या हिशेबी हातची नव्हती, आणि सहावं अजून बाकी होतं; आता सगळा निकाल त्या एकावर.

"द्या, मी पाडून देतो," व्याही म्हणाले.

"नको," हे म्हणाले, आणि ड्रॉवरमधून हातड्रिल काढलं.

बिट चिमटीत घालतानाच दोनदा खाली पडलं. व्याह्यांनी उचलायला हात पुढे केला, तो मी डोळ्यांनीच थांबवला. तिसऱ्यांदा बसलं. इंजिन लाकडी पकडीत आवळलं. टोच्याने केलेल्या खुणेवर बिटाचं टोक आलं आणि बाजूला सरकलं. परत आलं, परत सरकलं. मला बघवेना. मी खिडकीकडे तोंड केलं, आणि मग तेही जमेना म्हणून पुन्हा वळले.

टोक खुणेत बसलं. ह्यांनी टोपी तळहातात घेतली, कोपर टेबलावर दाबून ठेवलं, आणि बोटांनी नळी फिरवायला सुरुवात केली. हात थरथरत होता, नाही असं नाही. पण आता तो हात, ड्रिल आणि इंजिन सगळं एकमेकांवर टेकलेलं होतं. थरथरून जाणार कुठे? आणि बोटं तर आपली जुनीच चाल चालत होती. थोडं पुढे, थोडं मागे, बाहेर, फुंकर, पुन्हा आत. मध्येच थांबले. "अडलं," असं स्वतःशीच म्हणाले, उलटं फिरवून बिट बाहेर काढलं, चुरा पुसला आणि परत घातलं. जे मशीनला कळलं नव्हतं ते बोटांना कळलं.

शेवटी नळी हलकेच पुढे गेली. हे बिट काढून मागे टेकले, आणि इंजिन माझ्या हातात दिलं. "बघ."

मी ते खिडकीशी धरलं. भोकातून उजेडाचा एक कण दिसत होता. मला बोलायचं होतं, पण रडू आलं, म्हणून मी "डोळ्यांत चुरा गेला" म्हटलं. दोघांनीही ते खरं धरल्याचं दाखवलं.

व्याही जायला निघाले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "माझ्याही इंजिनाला दांडी बसवायची आहे. माझ्या मशीनने धड एक भोक सरळ पडत नाही. तुम्ही पाडून द्याल का?"

हे म्हणाले, "उद्या नको, उद्या मी ही दांडी बसवतोय. परवा घेऊन या. आणि पुढच्या आठवड्यात डब्यांकडे बघू."

उद्या. परवा. पुढचा आठवडा. आजारपणापासून ह्या माणसाने समोरच्या ताटापलीकडच्या कशाचं नाव काढलं नव्हतं.

"परवा जेवायलाच या," मी व्याह्यांना म्हटलं. "विहीणबाईंनाही आणा. आणि लवकर या, नंतर हे मागच्या खोलीत शिरले की कोणाच्या हाती लागायचे नाहीत."