नवऱ्याचा पगार मोजू नये

"हे गृहस्थ म्हणतात, राष्ट्रप्रमुखाने आठवड्यातून एकदा रॉकेलच्या रांगेत उभं राहावं, आणि डबा स्वतः धरावा. कुठे टाकू, साहेब? मूलभूत हक्कांत?"

अधीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "विषयाबाहेर."

"सूचना वाईट नाही पण."

"शिक्केबुवा, मारा."

शिक्केबुवांनी नाइलाजाने शिक्का मारला. चोवीस वर्षांच्या हंगामी नोकरीत शिक्क्यांशीच गाठ पडल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं, आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

देश स्वतंत्र होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. रस्त्यापलीकडच्या सभागृहात घटना लिहिली जात होती, आणि लोकांनीही सूचना पाठवाव्यात असं सरकारने जाहीर केलं होतं. सरकारला वाटलं होतं, शे-दोनशे विद्वान लिहितील. पण लिहायला सगळेच बसले. भाव गगनाला भिडलेले, गिरण्या माणसं कमी करत सुटलेल्या, दर दोन दिवसांनी खिडकीखालून मोर्चा जायचा. जो मोर्चात नव्हता तो पत्र लिहीत होता. एकाने तर एकशे बारा कलमांची सबंध घटनाच पाठवली होती. त्यातली सत्तर कलमं शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल होती.

शिक्केबुवांचं काम सोपं होतं. पत्र फोडायचं, वाचायचं, आवक क्रमांक टाकायचा, विषय लिहायचा. क्रमांक पडल्याशिवाय पत्र कचेरीत आलंच नाही, असा नियम. मागे एकदा खिडकी उघडी राहून अकरा पत्रं रस्त्यावर उडाली, तेव्हा याच नियमाने सगळ्यांच्या नोकऱ्या वाचल्या होत्या.

पुढचं पाकीट त्यांनी फोडलं आणि त्यांचा हात थांबला. हे अक्षर ते रोज सकाळी सामानाच्या यादीत बघत होते. खाली सही होती, पत्ताही होता. पत्ता त्यांच्याच घराचा होता.

"घटना लिहिणाऱ्या साहेबांना," बायकोने लिहिलं होतं, "मी सूतगिरणीत एकोणीस वर्षं काम केलं. आता मंदी आली म्हणून, ज्यांचे नवरे कमावते आहेत त्या बायकांना आधी काढलं. माझ्या शेजारच्या साच्यावर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी नवा माणूस अजून आहे. माझा नवरा चांगला आहे, पण चांगला नवरा असणं हा माझा गुन्हा कसा? तो म्हणाला, बरं झालं, पाठीला आराम मिळेल. माझी पाठ माझी आहे, तिच्या आरामाचं मी बघीन. घटनेत एवढंच लिहा, की बाईला कामावरून काढताना तिच्या नवऱ्याचा पगार मोजू नये."

शिक्केबुवांचे कान तापले. पाठीबद्दल ते बोलले होते खरे, तीन आठवड्यांपूर्वी, जेवताना, आणि तेही प्रेमाने. ती उठून भांडी घासायला लागली होती, जरा जास्तच जोरात. आपण किती समजूतदार, या आनंदात ते झोपी गेले होते. आता त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

आणि समोरच्या भिंतीवर नियम टांगलेला होता: या विभागातल्या नोकरांच्या कुटुंबीयांनी सूचना पाठवू नयेत. तिला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. "कचेरीतलं कचेरीत" हा शिक्केबुवांचा बाणा. आपण दिवसभर लोकांची पत्रं फोडतो हेसुद्धा त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. 'विषयाबाहेर'चा एक शिक्का मारला की काम संपत होतं. मारला नाही तर नियम मोडला, आणि एक तारखेला विभागातले सगळे कारकून कायम व्हायचे होते, त्यांतून त्यांचं नाव गळलं असतं. घरात आता एकच पगार उरला होता.

त्यांनी शिक्का उचलला, पत्र पुन्हा वाचलं, आणि शिक्का खाली ठेवला. मग कोरा कागद ओढून अर्ज लिहिला आणि अधीक्षकांच्या टेबलाशी गेले.

"बदली? जावक विभागात?" अधीक्षक म्हणाले. "तिथे हंगामीच राहाल. आठ दिवसांवर कायम व्हायचं आलंय, डोकं फिरलंय का तुमचं?"

शिक्केबुवांनी पत्र पुढे केलं. अधीक्षकांनी ते वाचलं, पत्ता पाहिला.

"तुमच्या घरून?"

"होय."

"नियम माहीत आहे ना?"

"मीच टंकून लावलाय, साहेब. या विभागातल्या नोकरांना तो लागू. जावक विभागाचं त्यात काही नाही."

"पण पत्र आलंय ना!"

"क्रमांक कुठे पडलाय?"

अधीक्षक खुर्चीत मागे रेलले. "विषयाबाहेर मारा आणि मोकळे व्हा. कोण विचारतंय?"

"ते विषयातलंच आहे, साहेब."

अधीक्षकांनी पत्र पुन्हा वाचलं. मग आवक नोंदवही स्वतःकडे ओढली आणि आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं: चार हजार एकशे सतरा, बदलीचा अर्ज, मंजूर. त्याखाली: चार हजार एकशे अठरा, विषय मूलभूत हक्क.

"चोवीस वर्षांत तुम्ही एक नियम मोडला नाहीत," ते म्हणाले, "आणि आजही मोडत नाही आहात, हीच तर पंचाईत. जा आता, तुम्ही या विभागाचे नाही."

संध्याकाळी बायकोने विचारलं, "बदली? अहो, तुम्ही कायम होणार होतात ना?"

"जावकमध्ये खिडकी मोठी आहे," शिक्केबुवा म्हणाले. "हवा चांगली येते."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण कचेरीतलं कचेरीत, म्हणून पुढे विचारलं नाही.

गुरुवारी सूतगिरणीला टाळं लागलं. शुक्रवारी पोचपत्रांचा गठ्ठा जावक विभागात आला. पाकिटांवर पत्ते लिहिणं हे आता शिक्केबुवांचं काम. मधेच त्या पत्राची पोच निघाली: "महोदया, आपली सूचना मिळाली. ती मूलभूत हक्कांच्या समितीपुढे ठेवण्यात आली आहे." शेजारचा कारकून डोकावला.

"अहो, हे तुमच्याच घरचं. खिशात घालून न्या की, तिकीट वाचेल."

"पोच टपालानेच जाते," शिक्केबुवा म्हणाले.

घरी येणारी सगळी पत्रं त्यांच्या नावाने येत. आमंत्रणांतसुद्धा बायको 'सहकुटुंब' या शब्दात बसलेली असे. त्यांनी लेखणी नीट पुसून तिचं नाव लिहिलं, मागेपुढे आपलं काही न जोडता. खालच्या ओळीत लिहिलं, 'सूतगिरणी कामगार'. मग पत्ता.

शनिवारी दुपारी पोस्टमनने दार वाजवलं आणि सवयीने पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

"माझं नाही," शिक्केबुवा म्हणाले.

पोस्टमनने पाकीट डोळ्यांजवळ नेलं, नाव वाचलं. "सूतगिरणी कामगार. इथेच राहतात?"

आतून बायको हात पुसत आली. "मीच," ती म्हणाली. पोस्टमनच्या वहीत तिने सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

पाकिटावरचं अक्षर तिने ओळखलं.  तिथेच उभी राहून तिने आतला कागद उलगडला. खोलीत एकच खुर्ची होती, दाराशीच, आणि शिक्केबुवा तिच्यात बसले होते. ते उठले. बायको खुर्चीत बसली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली. तिचं वाचून होईपर्यंत ते शेजारी उभे राहिले.