नाकाड्याची बैठक

चूक माझीच. तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण ते मला जमत नाही.

मी म्युझियममध्ये क्लिपा बघतो. तेच माझं काम. लांबच्या डोंगरावर जंगल आहे, तिथे बाराही महिने ढग झाडांत अडकलेले असतात. त्या झाडांना कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की ते आपोआप चालू होतात. शंभरातल्या नव्वद क्लिपांत पान हललेलं असतं. मी बघायचं आणि लिहायचं. पान. पान. पान. माकड. पान. कॉलेज वगैरे काही केलेलं नाही. दुरुस्तीच्या दुकानात बसून कॉम्प्युटर शिकलो आणि मामाने इथे चिकटवलं.

मामा म्हणजे म्युझियमचा पेंढेकाका. मेलेल्या प्राण्याच्या कातड्यात तारा, कापूस, पेंढा भरून तो प्राणी उभा करायचा. आता रिटायर झालाय. मी त्याच्याकडेच राहतो, मामीच्या हातचं खातो.

त्याचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे नाकाड्या. त्याच डोंगरावरचा, मुठीएवढा प्राणी. खरं नाव इतकं लांब की म्युझियमच्या प्रमुख मॅडमसुद्धा मध्ये श्वास घेतात. नाक मात्र अर्ध्या अंगाएवढं, म्हणून नाकाड्या. जिवंत कुणी पाहिलेलाच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी म्युझियमला नुसतं कातडं आलं होतं. मामाने अंदाजाने त्याला दोन पायांवर उभं केलं. पायांखाली लाकडी पाटी, हात पुढे, शेपटी मागे खाली ताठ. जगात भरलेला नाकाड्या हा एकच.

मंगळवारी मी दोन हजार दोनशे चौदावी क्लिप लावली. पान. लिहायला बोट उचललं आणि पानाला नाक आलं.

नाकाड्या! मागच्या पायांनी फांदीला लटकलेला, डोकं खाली, शेवाळात हात घालून किडे काढतोय आणि मजेत खातोय.

मी कॉरिडॉरभर ओरडत पळालो. "मॅडम! नाकाड्या! जिवंत! उलटा! मामाने चुकीचा उभा केलाय!"

शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं.

मॅडमनी क्लिप अकरा वेळा बघितली. आधी टाळ्या वाजवल्या, मग कपाळाला हात लावला. "शनिवारी नवीन दालन उघडतंय. भिंतीवर ही क्लिप चालणार. आणि खाली काचेत तो खारीसारखा उभा? लोक हसतील."

"मग?"

"गोदामात ठेवावा लागेल."

"पुन्हा भरला तर?"

"एवढं जुनं कातडं? ओलं केलं की चहातल्या बिस्किटासारखं व्हायचं. मामांना तुम्हीच सांगा."

"मी?"

"ओरडत कोण आलं?"

घरी आधी मामीला सांगितलं. ती म्हणाली, "माझा वाढदिवस दरवर्षी विसरतात. त्या उंदराचा नाही."

"उंदीर नाहीये तो, मामी."

"तेच ते."

मामाने मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला, क्लिप बघितली. "हा आजारी असेल."

मी दुसरी लावली. दुसरा नाकाड्या, तोही उलटा.

"साथ आली असेल."

तिसरी लावली. मामाने चष्मा खाली केला. फोन परत दिला आणि आत जाऊन पडला. जेवला नाही. मामा जेवला नाही म्हणजे काय ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पुढचे दोन दिवस मी एकच गोष्ट शोधली: सरळ उभा नाकाड्या. चार हजार क्लिपा. डोळ्यांची पार वाट लागली. आणि सापडला! फांदीवर ताठ, डोकं वर. पाऊण सेकंद.

नाचतच घरी गेलो. मामा म्हणाला, "हळू लाव." मी हळू लावली.

"मुंगी चावलीये त्याला. बघ, पाय झटकतोय."

"असू दे ना! खाली लिहू, मुंगी चावल्यावरचा नाकाड्या."

मामी फिसकन हसली. मामा नाही हसला. "आयुष्यभर मुंगी चावलेला ठेवू त्याला?" मग म्हणाला, "आण घरी. मीच उसवतो."

शुक्रवारी दुपारी मॅडमनी तो बुटाच्या खोक्यात दिला. माझी सही घेतली. "तुटला तर बघा."

जेवणाच्या टेबलावर चाकू, चिमटे, सुया. मामाने मिठाच्या पाण्याला पातेलं घेतलं.

"अहो, त्यात मी दूध तापवते!"

"नवीन आणीन."

मामाचा हात हल्ली थरथरतो. त्याने पाटीचे स्क्रू काढले. तळपायांतून दोन तारा बाहेर आल्या. त्या डाव्या हातात धरून, पोटावरची शिवण शोधायला त्याने नाकाड्या उलटा केला. आणि थांबला.

"क्लिप लाव."

मी फोन शेजारी धरला.

पाठीचा बाक तोच. पुढे आलेले हात तसेच, शेवाळ चाचपणारे. मागची बोटं आत वळलेली, जणू फांदी धरायलाच.

"मामा! तू मुद्दाम केलं होतंस?"

"छे रे. कातडं तसंच वळत होतं. बोटं सरळ होईनात. दोन दिवस भांडलो त्यांच्याशी, मग कंटाळून म्हटलं, राहा बाबा तशीच. पाटीवर बसेनात म्हणून पाटीलाच खाचा पाडल्या."

"म्हणजे अंग बरोबर, पाटी चुकली!"

"डोकं वर असणार असं धरून चाललो. डोकं खाली करून खातं कोण?"

"तुम्ही," मामी म्हणाली. "रोज, पेपरात डोकं घालून."

राहिली शेपटी. ती आता अँटेनासारखी वर ताठ. क्लिपमध्ये ती फांदीला गुंडाळलेली. मामाने किटलीची वाफ दिली, केसाकेसाने तार वळवायला घेतली. हात थरथरायला लागला तसं म्हणाला, "तू वळव. मी सांगतो तेवढंच." एक वेढा झाला. दुसऱ्याला कट्‌ असा आवाज.

मी तार सोडली. मामाने डोळे मिटले.

"मी बोटं मोडली," मामी म्हणाली. "टेन्शन आलं."

"बाहेर जा!" आम्ही दोघं एकदम.

ती गेली नाही. उलट वेढा पूर्ण होईपर्यंत किटली तिनेच धरली. मग मामाने ओल्या कापसाने सगळे केस उलट्या दिशेने बसवले.

शनिवारी सकाळी नाकाड्या काचेत फांदीला लटकला. वर भिंतीवर क्लिप. मॅडमनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, चष्मा पडला. क्लिप बघितली, नाकाड्या बघितला, परत क्लिप.

"नवीन भरलात?"

हो म्हणाला असता तरी कुणाला कळलं असतं? पण मामा म्हणाला, "नाही. शिवण जुनीच आहे. शेपटी वळवली आणि पाटी काढली."

मॅडमनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "राहू दे इथेच."

"एक करा," मामा म्हणाला. "काचेखालच्या माहितीत लिहा, एकतीस वर्षं याला चुकीचं उभं केलं होतं."

"कशाला?"

"लोकांना कळू दे, बिचारा किती सोशिक आहे."

बाहेर पडताना मामाने माझा खांदा धरला. हळूच विचारलं, "मी भरलेलं ते अस्वल आहे ना, त्याची काही क्लिप आलीये का?"

"अजून नाही."

"आली तर ओरडत पळू नकोस. आधी मला फोन कर."