जेवलीस का?

कोरियातल्या देगू शहरातल्या गेम-कॅफेत ओक्जू तणतणत शिरली, तेव्हा तिचा नवरा ग्यूचॉल पडद्यावरच्या राज्यात सेनापती झाला होता. कॅफेवालीच्या हातातलं त्याचं राम्यॉन नूडल्सचं वाडगं तिने हिसकावलं आणि स्वतःच नेऊन त्याच्यासमोर आदळलं.

“ठेवा ताई,” मान न वळवता तो म्हणाला.

पडद्यावर त्याच्या शेजारच्या घोड्यावर चंद्रकोर नावाची कुणी भवानी बसली होती. ग्यूचॉल हेडफोनच्या माइकमध्ये तिला लाडाने विचारत होता, “जेवलीस का गं?”

ओक्जूच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाआधी एवढंच विचारायला तो तिला रोज फोन करायचा.

“नाही जेवले!” ती ओरडली.

“ताई,” घोड्याला टाच मारत तो म्हणाला, “तुम्हाला नाही विचारलं.”